एकच पत्रा रंगवायचा, पण गाडी एकरंगी दिसली पाहिजे

परभणी जिल्ह्यात गंगाखेड-पाथरी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी आणि मानवत-सेलूच्या बाजारात कापूस यायच्या आधी जे तीन-चार मोकळे आठवडे मिळतात, तेच आपल्याकडे जुन्या गाडीची डागडुजी करण्याचे दिवस. पाऊस ओसरलेला असतो, धंदा अजून अंगावर आलेला नसतो आणि दसऱ्याला गाडीला हार घालायचा असतो. अशा वेळी मालकाची नजर एकाच ठिकाणी अडते. बाकी केबिन ठीक आहे, पण ड्रायव्हरच्या बाजूचे दार खालून गंजले आहे किंवा वळणावर घासून मडगार्ड चेपले आहे. पेंटर म्हणतो, ‘मालक, पूर्ण केबिनच मारून घ्या, एक पत्रा जुळायचा नाही.’

पेंटरचे म्हणणे अगदीच चूक नाही. पंधरा-वीस वर्षे ऊन खाल्लेल्या टाटा 407 च्या दाराला दुकानातून आणलेला ताजा रंग मारला, तर ते दार दुसऱ्या गाडीचे काढून बसवल्यासारखे दिसते. पण पूर्ण केबिनचा खर्च आणि गाडी उभी राहण्याचा तोटा दर वेळी परवडत नाही. एक पत्रा नीट जुळवता येतो. त्यासाठी जुन्या रंगाला थोडे वर आणायचे आणि नव्याला थोडे खाली. बहुतेक जण सगळी मेहनत नव्या रंगावर करतात आणि जुन्याला हातच लावत नाहीत. तिथेच काम फसते.

आधी जुना रंग उघडा करा

दाराशेजारच्या पत्र्यावरून कोरडे बोट फिरवून बघा. बोटाला रंगाची पूड लागली तर समजा की जो रंग तुम्हाला दिसतो आहे तो खरा नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातले रेझिन वर्षानुवर्षे झिजत जाते आणि त्याने धरून ठेवलेली रंगद्रव्याची भुकटी वर मोकळी पडते. म्हणून लाल गुलाबट होतो, निळा राखाडी दिसतो, पिवळा मातकट होतो. या भुकटीशी शेड जुळवली आणि महिन्याभराने कोणी गाडी पॉलिश केली, तर दार एका रंगाचे आणि केबिन दुसऱ्याच रंगाची दिसणार.

म्हणून गाडी आधी साबणाच्या पाण्याने धुवा, रंगवायच्या पत्र्याला लागून असलेले पत्रे रबिंग कंपाउंडने घासा आणि पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर रंग उतरेल, उतरू द्या. साधारण हातभर जागा घासली की खालचा जिवंत रंग दिसतो. जुळवायचे ते याच्याशी. मात्र एक पथ्य पाळा. या टप्प्यावर वॅक्स किंवा चकाकी आणणारे सिलिकॉनचे पॉलिश वापरू नका. त्याचा अंश दारावर राहिला तर नवा रंग तिथे धरत नाही, गोल गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. वॅक्स सगळ्यात शेवटी.

कधी कधी एवढ्या घासण्यातच काम संपते. जो ओरखडा रंगवायला निघाला होता तो कंपाउंडनेच निम्मा जातो आणि उरलेला बारीक ब्रशने भरता येतो. उसाच्या मोळ्या घासून केबिनच्या पाठीवर पडलेल्या रेघा तर बहुधा अशाच असतात. पत्रा दिसत नसेल, नख अडकत नसेल, तर स्प्रे गन हातात घेण्याची घाई करू नका.

शेड: सगळा खेळ इथे

कंपनीचा कलर कोड मिळाला तर जरूर घ्या, पण तो सुरुवात म्हणून घ्या. कोड सांगतो गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचा रंग. टाटा 407 रस्त्यावर आली 1986 साली; त्या गाड्यांमधली आज जी चालते, तिच्यावर मूळ रंग किती आणि नंतरचे थर किती, हे कोणता कोड सांगणार? शिवाय कारखान्यातला रंग भट्टीत, शंभराच्या कितीतरी वरच्या तापमानाला भाजलेला असतो. आपण वायरिंग, रबर आणि काचांसकट गाडी तशी भाजू शकत नाही. म्हणून तोच कोड, तीच कंपनी असली तरी चकाकी आणि खोली वेगळी येते.

दुकानात नमुना न्यायचा तर दाराच्या आतल्या कडेचा रंग दाखवू नका. तो उन्हात आलेलाच नसतो. उन्हात राहिलेला, काढता येणारा एखादा भाग न्या, नाहीतर गाडीच दुकानासमोर उभी करा. आणि तुलना करताना जागा सारखी घ्या: दाराशी दाराच्या उंचीचाच शेजारचा पत्रा. टपाशी करू नका, कारण टप सगळ्यात जास्त भाजतो. रोज एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाडीच्या दोन बाजूंचा रंगही एक नसतो. डावे दार बघून उजवे जुळवायला गेलात तर फरक पडू शकतो.

उजेडाचेही तसेच. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी पडते. दोन रंगांतली रंगद्रव्ये वेगळी असली की असे होते. भर दुपारच्या उन्हात डोळे दिपतात आणि फरक कळत नाही. लिंबाच्या झाडाखाली पांढऱ्यावर हिरवट झाक येते, निळ्या ताडपत्रीखाली निळसर. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, मोकळ्या आभाळाखाली पण थेट ऊन नाही अशा जागी बघा. मग एकदा उन्हात नेऊन बघा. समोरून बघा, दोन्ही बाजूंनी तिरके बघा. तिन्हीकडून जुळले तरच जुळले.

टिंटिंग मशीनवर रंग बनवून घेतला तरी शेवटचा हात माणसाचाच लागतो. नियम एकच: हलक्या रंगात गडद टाकायचा, थेंब-थेंब. गडद झालेला रंग परत हलका करायला गेलात तर डबाभर पांढरा संपतो आणि शेड तरीही मळकट येते. जुना पांढरा जुळवणे लोकांना सोपे वाटते. माझ्या मते सगळ्यात अवघड तोच. नुसत्या पांढऱ्यात थोडा पिवळा गेरवट टाकला की बहुधा उबदारपणा येतो; त्यावर काळ्याचा अगदी एखादा थेंब लागतो, कारण जुना पांढरा स्वच्छ राहिलेला नसतो. काळा दोन थेंब जास्त झाला की गाडी सिमेंटच्या रंगाची.

ओला रंग आणि वाळलेला रंग कधीच सारखे दिसत नाहीत. काडीने शेजारी ठिपका लावून ‘झालं की’ म्हणणारे दुकानदार पुष्कळ आहेत. तुम्ही पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, दारावर मारणार तोच प्रायमर त्यावर मारा, मग ज्या गनने दार मारायचे त्याच गनने तेवढेच हात मारा. पूर्ण वाळू द्या आणि मग तो तुकडा दारावर धरून बघा. प्रायमरची अट मुद्दाम घातली आहे. पिवळा, लाल, नारिंगी हे रंग झाकायला कमकुवत असतात. खाली रेड ऑक्साइड असले तर तोच पिवळा तांबूस दिसतो, राखाडी असले तर हिरवट. या रंगांखाली पांढरा किंवा फिकट थर द्यावा.

एका दाराला अर्धा लिटर रंग पुष्कळ होतो. कमी पडला म्हणून पुन्हा बनवायला लागलात तर दुसरी शेड पहिलीसारखी येणार नाही, म्हणून एकदाच आणि थोडा जास्त बनवा. उरलेला घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून तारीख आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. पुढच्या खरचटीला तो सोन्यासारखा कामी येतो.

मेटॅलिक रंग असेल तर वरचे सगळे दुपटीने अवघड धरा. त्यातले ॲल्युमिनियमचे कण गनच्या दाबाप्रमाणे, अंतराप्रमाणे आणि हात किती ओला पडला त्याप्रमाणे बसतात. एकाच डब्यातल्या रंगाच्या दोन शेड येऊ शकतात. सुदैवाने जुने ट्रक बहुतेक साध्या रंगातले असतात.

कुठे थांबायचे

रंग जिथे संपतो ती रेघ डोळ्याला खटकते. शेडमधला थोडा फरक खटकत नाही. म्हणून थांबायचे ते गाडीत आधीच असलेल्या सांध्यावर, म्हणजे दाराच्या कडेला, बिजागरीच्या फटीत, रबराच्या पट्टीखाली किंवा बंपर सुरू होतो तिथे. पत्र्याच्या मधोमध मास्किंग टेप लावून सरळ रेघ काढणे हा सगळ्यात वाईट मार्ग आहे.

कारवाल्यांना नसलेली एक सोय ट्रकवाल्यांना आहे. आपल्या गाड्यांवर पट्टे असतात, कंबरेवर दोन रंगी किनार असते. दाराचा खालचा भागच खराब असेल तर नवा रंग त्या पट्ट्यापर्यंत न्या आणि पट्टा ताजा करा. नवा पट्टा डोळ्याला मध्येच अडवतो आणि वरची-खालची शेड थोडी हलली तरी कळत नाही. पट्टा नसेल तर काढून घ्यायला हरकत नाही. वेगळ्या कोनात असलेला पत्रा, जसे मडगार्ड किंवा पायरीचा भाग, तसाही थोडा वेगळाच दिसतो. तिथे जुळवण्याचा फार काथ्याकूट करू नका. सपाट दार आणि केबिनचा समोरचा चेहरा, एवढ्यासाठी डोळ्यांत तेल घाला.

जमणारा पेंटर असेल तर शेजारच्या पत्र्यावर रंग विरळ करत नेऊन सांधा पुसून टाकतो आणि वरून क्लिअर पूर्ण पत्र्यावर मारतो. साध्या एनॅमलच्या कामात हे करायला जाऊ नये. विरळ भाग खरबरीत राहतो.

रंगाखाली काय आहे

दार खालूनच का गंजते? दाराच्या तळाला पाणी निघायची बारीक छिद्रे असतात. आपल्या काळ्या मातीचा चिखल ती बुजवतो, काचेवरून आत आलेले पाणी साठते, आणि ओल धरून ठेवणारी ती माती आतून पत्रा खात राहते. बाहेर फोड दिसेपर्यंत आत चाळणी झालेली असते. छिद्रे तारेने मोकळी केल्याशिवाय बाहेरून कितीही सुंदर रंग मारला तरी पुढच्या पावसाळ्यानंतर फोड परत येतात.

पत्र्याला भोक पडले असेल तर डेंटरकडून कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घ्या. भोकात पुटी भरून वर रंग मारणे ही फसवणूक आहे, आणि ती सहसा मालक स्वतःचीच करतो. जिथे गंज वरवरचा आहे तिथे तो चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. खड्ड्यात उरलेल्या डागांना फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावा, ते पुसा, वाळवा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका.

पुटी पातळ लावा. डेंटरने पत्रा आतून ठोकून शक्य तेवढा वर आणला की पुटी तीन मिलिमीटरच्या पुढे जायचे कारण उरत नाही. जाड पुटी ट्रकच्या थरथराटाने तडकते. हार्डनर वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे शंभर ग्रॅम पुटीला दोन ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त टाकला तर पांढऱ्या रंगातून महिन्यांनी पिवळसर डाग वर येतात. पुटी कोरडीच घासा; पाणी लावले की ती स्पंजासारखी ओल पिते. ऐंशीचा पेपर आकाराला, मग एकशेऐंशी, मग दोनशे चाळीस. त्यावर सरफेसर आणि तो मात्र सहाशेच्या वॉटर पेपरने पाण्यात. घासण्याआधी सरफेसरवर काळ्या रंगाची हलकी धूळ मारा. घासल्यावर जिथे काळे राहील तिथे अजून खड्डा आहे. हाताला जे कळत नाही ते यात लगेच दिसते.

रंग मारण्याआधी एक चाचणी चुकवू नका. धुतलेल्या, कोपऱ्यातल्या जागी थिनरमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर दाबून ठेवा. रंग विरघळून कापसावर आला तर खाली एनसी म्हणजे आपला जुना डुको आहे. कातडी सुरकुतली तर एनॅमल. काहीच झाले नाही तर भट्टीचा किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. एनॅमलवर कडक थिनरचा रंग मारला की जुना थर उकळल्यासारखा उठतो आणि सगळे खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते. अशा पत्र्यावर एनॅमलच मारा किंवा जुना थर पूर्ण काढून टाका.

परभणीची हवा

रंगाच्या डब्यावर जे तापमान लिहिलेले असते ते साधारण वीस ते तीस अंशांच्या आसपासचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर रंगाचा थेंब पसरायच्या आत वाळतो. वर वाळूच्या कागदासारखा खरबरीतपणा येतो आणि शेडही फिकट दिसते. उन्हाळ्यात करायचेच असेल तर पहाटे, सावलीत आणि सावकाश उडणारा थिनर घेऊन. पावसाळ्यात उलट त्रास होतो. एनसी रंग पटकन वाळताना पत्रा थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढरट धुके धरते. कंप्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढले नाही तर ते गनमधून थेट रंगात येते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, पत्र्यावर दव असते. ऊन वर आल्याशिवाय गन उचलू नका.

आणि जिनिंगच्या आसपास गॅरेज असेल तर कापसाचे तंतू. मानवतच्या बाजूला हंगामात ओल्या रंगावर तंतू चिकटले की काढता येत नाहीत; वाळल्यावर घासूनच काढावे लागतात. एनॅमल कित्येक तास ओला राहतो, त्यामुळे त्याच्यावर धूळ आणि तंतू दोन्ही बसतात. जमीन पाण्याने शिंपडून घ्या, दाराला दोन बाजूंनी प्लॅस्टिक लावा. दसऱ्याच्या आधीचे दिवस बरे ते याच कारणाने.

मारताना गन पत्र्यापासून वीतभर धरा, मनगट न वळवता पूर्ण हात सरळ सरकवा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी येऊ द्या. पहिला हात पातळ, मग दोन भरलेले. एवढे पुरे.

फुप्फुसे तुमची, गाडी भाड्याची असली तरी

पीयू रंग टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरले की पुढे थोड्याशा वासानेही श्वास लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल याला काहीच अडवत नाही. साधा धुळीचा मास्कही नाही. स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क नसेल तर घरच्या अंगणात पीयू फवारू नका. ते काम सोय असलेल्या पेंटरकडेच द्या. स्वतः करणाऱ्याने एनॅमल किंवा एनसी घ्यावा, कोळशाच्या फिल्टरचा मास्क लावावा, बॅटरीची वायर काढावी आणि विडी-सिगारेट दूर ठेवावी. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते.

जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिसे असू शकते. 2016 च्या केंद्राच्या नियमांनी शिशाची मर्यादा 90 पीपीएम केली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गाड्यांचे रंग त्यात आले नाहीत. त्यामुळे असा थर कोरडा घासू नका, पाण्यात घासा, निघालेला गाळ गोळा करा आणि लेकरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

रंग वाळल्यावर

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असे नाही. आठवडाभर प्रेशरने धुणे टाळा, महिनाभर वॅक्स लावू नका. त्यानंतर नव्या दारावर आणि जुन्या केबिनवर एकाच दिवशी, एकाच पॉलिशने हात फिरवा. चकाकी सारखी झाली की उरलेला फरकही निम्मा विरतो.

त्याच रंगाने एक पत्रा रंगवायला आरटीओला विचारावे लागत नाही. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर मात्र आरसी बुकात रंगाची नोंद असते, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार तो बदल नोंदवून घ्यावा लागतो. फाळका रंगवत असाल तर पेंटरला आधीच सांगा: मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला राज्याच्या परिवहन आयुक्तांनी 2015 मध्येच बंदी घातली आहे, सवयीने तो लिहून मोकळा होतो. रंगकामात काढलेल्या रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या पुन्हा लावा, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. जुनी उपटलेली पट्टी परत चिकटवू नका, नवी घ्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग असते, आणि तिथे साहेब दाराची शेड बघत नाहीत, पट्टी बघतात.